बेड नंबर अकरा, श्वास वीस

३ जून

मावशी,

चांगली बातमी आधी सांगू की वाईट, असं पत्रात विचारता येत नाही, म्हणून दोन्ही एकदम सांगते. तीन नर्सिंग स्कूलांनी मला नाकारलं आणि चौथ्याने नाकारलं नाही. घेतलं असं मी लिहिलेलं नाही, नीट वाच.

पहिल्या ठिकाणी कारकुनाने माझे सेहेचाळीस टक्के पाहिले आणि फॉर्म दोन बोटांनी धरून परत दिला, जसं काही त्याला वास येत होता. उलटं वाचलं असतं तर चौसष्ट झाले असते, पण तो माणूस सरळच वाचत होता. दुसऱ्या ठिकाणी आत जायलाच मिळालं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी पाणी दिलं आणि मग नाही म्हणाल्या.

तिथून परत येताना चुकीच्या बसमध्ये बसले. खिडकीपाशी एक म्हातारा होता, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन. घड्याळ चालू होतं आणि दर अर्ध्या तासाला वाजायचं, सगळी बस वळून बघायची. तर मी ते बघत राहिले आणि भलत्याच थांब्यावर उतरले, आणि समोर पाटी: हॉस्पिटल व नर्सिंग स्कूल. पाटीचा रंग उडालेला, एक वेलांटी गायब. पेंटरकडे आठ महिने काढलेत, मला असली पाटी बघवत नाही. म्हणून आत गेले, पाटीबद्दल सांगायला. खरंच.

मेट्रनबाईंनी पाटीचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू इथे पाट्या रंगवायला आलीस की काय?" मी म्हटलं, नर्स व्हायला आले असते, पण टक्के नाहीत. त्यांनी फॉर्म मागितला. टक्क्यांकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "हे अक्षर कुणाचं?"

आठ जागा आहेत. सात टक्क्यांवर भरतात. आठवी मेट्रनबाईंच्या शिफारशीवर. दोन महिने वॉर्डात मदतनीस म्हणून राहायचं, मग त्या ठरवणार.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. पोल्ट्री सोडली, फिरत्या सिनेमाची तिकीटखिडकी सोडली, पेंटर सोडला, एक ना धड भाराभर चिंध्या. आई तर म्हणते माझ्या पायाला चाकंच आहेत. पण शेजारच्या आजी पडल्या तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी तासभर बसले होते, आठवतं? तेवढा एकच तास मला कुठेही जावंसं वाटलं नव्हतं. मला ही जागा हवी आहे.

आईला सध्या सांगू नकोस.

तुझी भिंगरी


९ जून

भिंगरे,

पाटी बघून आत शिरलीस हे तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

मला पहिली शंका आली ती स्कूल खोटं असेल ही. हल्ली कुणीही दोन खोल्या घेतं आणि बोर्ड लावतं. मान्यतेचा कागद भिंतीवर आहे का बघ, त्यावर यंदाचं वर्ष आहे का बघ. असेल तर माझी हरकत नाही. अक्षर हा तुझा एकुलता एक गुण आहे, तो दाखव. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण अक्षर असलं तर थोडं भागतं.

आता कामाचं. नखं काप. बूट आवाज न करणारे घे. रुग्णाला "काय झालं" विचारू नकोस, "कसं वाटतंय" विचार. नाडी मनगटाशी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने कधीच नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. आणि श्वास मोजताना सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी धरल्याचं सोंग करून छातीकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या नर्सा मला आवडत नाहीत.

सत्तावीस वर्षं हेच केलं. आता गुडघे धरून बसते.

तुझ्याआधी तिथे मदतनीस कोण होती? तिला जागा मिळाली का, एवढं विचार.

मावशी


२८ जून

मावशी,

मान्यतेचा कागद आहे. काचेत आहे, खरा आहे, फक्त वर्ष गेल्या सालचं. नवा मिळण्यासाठी तपासणीवाले यायचे आहेत. कधी येतील ते सांगून येत नाहीत, म्हणून सगळे माना वळवून दाराकडे बघत काम करतात.

वॉर्ड म्हणजे एक लांब हॉल. सोळा बेड या बाजूला, सोळा त्या बाजूला. खिडक्या अर्ध्यापर्यंत हिरव्या रंगवलेल्या, कुणी रंगवल्या देव जाणे, ब्रशचे केस तसेच चिकटलेत. बत्तीस माणसांना दोन सिस्टर. एक रजेवर असते, म्हणजे एक. ती उंच आहे आणि चालता चालता जेवते, मी तिला बसलेली अजून पाहिलेली नाही.

बेड अकरावर बँडवाले काका आहेत. लग्नात ट्रम्पेट वाजवायचे. छातीत कफ झालाय. मला रंगारीण म्हणतात. काल म्हणाले, "रंगारीण, चाळीस वर्षं लोकांच्या लग्नात फुंकलं, माझं स्वतःचं झालं तेव्हा वाजवणारा कुणी मिळेना, नवरदेवानेच वाजवलं." त्यांची मुलगी रोज डबा आणते आणि रोज त्यांच्याशी भांडून जाते. शेजारच्या बेडवरचे रिटायर्ड गार्ड म्हणतात, "हिचं भांडण ऐकलं की मला घरी असल्यासारखं वाटतं."

आता माझं काम ऐक, तुला गंमत वाटेल. प्रत्येक बेडच्या पायाशी तक्ता असतो. ताप, नाडी, श्वास, दिवसातून चार वेळा. गेल्या सहा महिन्यांचे तक्ते म्हणजे नुसत्या चिंध्या. चहाचे डाग, फाटलेले, निम्मे चौकोन रिकामे. एकटी सिस्टर बत्तीस जणांचं काय काय लिहिणार? मेट्रनबाईंनी मला नवे कोरे तक्ते दिले आणि सगळं सुवाच्य उतरवून काढायला सांगितलं. मी विचारलं, रिकाम्या चौकोनांचं काय? त्या म्हणाल्या, "रिकामा चौकोन म्हणजे प्रश्न. आधीचा आकडा बघ, नंतरचा बघ, मधला तुला कळेल."

आणि कळतो, मावशी. सगळे सारखे लिहिले तर खोटं दिसतं. म्हणून एकदा १८, एकदा २०, संध्याकाळी ताप किंचित वर, सकाळी खाली. रेघ कशी जिवंत वाटते. मेट्रनबाईंनी तक्ता उजेडाला धरला आणि पहिल्यांदा हसल्या.

आधीच्या मदतनीसबद्दल सफाईवाल्या काकूंना विचारलं. त्या फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "ती पण छान लिहायची." आणि पुसतच पुढे गेल्या. जागा मिळाली का विचारलं तर बादली उचलून निघून गेल्या. बहिऱ्या असाव्यात.

भिंगरी


३ जुलै

भिंगरे,

त्या बहिऱ्या नाहीत.

लिहिणं थांबव. आज, हे पत्र खाली ठेवून. रिकामा चौकोन रिकामा राहू दे. त्यातून निदान एवढं तरी कळतं की कुणी बघितलं नाही.

तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात सहीची जागा असते. तिथे कोण सही करतं? तू केली असशील तर मला लगेच कळव. नसशील तर करू नकोस, मेट्रनने पाय धरले तरी करू नकोस. त्या पाय धरणार नाहीत, कौतुक करतील. तेच जास्त वाईट.

जागा दुसरीकडे मिळेल. मी चौकशी करते.

मावशी


२ ऑगस्ट

मावशी,

महिनाभर पत्र लिहिलं नाही, कारण तुझा राग आला होता. सत्तावीस वर्षं पगाराची नोकरी झाल्यावर "जागा दुसरीकडे मिळेल" म्हणणं सोपं असतं. तू मेरिटवर लागलीस, आई अजून सगळ्यांना सांगते. मला कुठे मिळणार? तीन दारं माझ्या तोंडावर लागली आहेत, तुझ्या नाही.

हो, सही मी करते. मेट्रनबाई म्हणाल्या, "उद्या आमचीच होणार आहेस, आजपासून सवय कर." मला छान वाटलं. लपवत नाही.

आणि आता तक्ते आधीच भरायचे असतात. तपासणीवाले कुठल्याही तासाला येतील, म्हणून सकाळी आल्या आल्या मी दिवसभराचे चारही चौकोन भरते. बत्तीस तक्ते, पाऊण तासात होतात. मग दिवसभर मी मोकळी असते, कुणाला पाणी दे, कुणाची कूस बदल. त्या कामात मी बरी आहे. गार्ड काका म्हणतात, माझ्या हाताने उशी चांगली लागते.

हे सगळं तुला चिडवायला लिहायचं होतं. पण आज सकाळी एक झालं, म्हणून वेगळंच लिहितेय.

बँडवाले काका आज बोलले नाहीत. रंगारीण म्हणाले नाहीत. मी नाडी धरल्याचं सोंग केलं आणि छातीकडे पाहिलं, पूर्ण मिनिट. चौतीस. मला वाटलं चुकलं. परत मोजलं. चौतीस. गळ्याच्या खालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता. पायाशी तक्ता होता, त्यावर माझ्याच अक्षरात, दहा वाजताचा श्वास वीस. दोन वाजताचा अठरा. तेव्हा साडेदहा वाजले होते.

मी सिस्टरला जाऊन सांगितलं. ती इंजेक्शन भरत होती. तिने लांबूनच तक्ता बघितला. "वीस आहे ना गं. तू शिकलेली नाहीस, मोजायला चुकली असशील." डॉक्टर अकरा वाजता आले, त्यांनी तक्ता उचलला, खाली ठेवला, पुढच्या बेडकडे गेले. पायाशी उभे होते, डोक्याशी नाही.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, तो वीस मी मोजलेला नाही. पण यादी आज सकाळीच टाईप होऊन नोटीस बोर्डावर लागली आहे, आठव्या नंबरवर माझं नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी बोर्डासमोर दोनदा जाऊन आले होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "साहेब, पाणी आणू?"

आता दुपारची सुट्टी आहे. काका झोपलेत, म्हणजे डोळे मिटलेत. संध्याकाळपर्यंत उतरेल ना? कफाचं असं वरखाली होतं ना? पोस्टाची पेटी समोरच आहे, हे लगेच टाकते.

भिंगरी


६ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र आत्ता आलं. चार दिवस लागले. उतरत नाही, पोरी. चौतीस उतरत नसतं. अजून ते असतील तर तक्ता फाड, डॉक्टरचा हात धर, ओरड. हे वाचता वाचता पळ.

नसतील तर पुढचं वाच.

मी मेरिटवर लागले नव्हते. तुझ्या आजोबांनी गावभर तसं सांगितलं आणि मी ते राहू दिलं. माझे टक्के तुझ्यासारखेच होते. मला पण शिफारशीवर घेतलं होतं, आणि मी पण चौकोन भरले. बाळंतपणाच्या वॉर्डात. एक बाई आतल्या आत रक्त जाऊन संपली आणि तिची नाडी तक्त्यावर ऐंशी होती. आकडा माझा होता. पण सही मदतनीस पोरीची होती, कारण मी तिला शिकवलं होतं, सवय कर म्हणून. चौकशीत तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तिला काढून टाकलं आणि मी सत्तावीस वर्षं पूर्ण मिनिट मोजत राहिले, जसं काही त्याने फिटतं.

म्हणून तुला पहिल्याच पत्रात विचारलं, तुझ्याआधी कोण होती. सगळं तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तुझ्या नजरेत मोठं राहायचं होतं.

उत्तर लगेच दे.

मावशी


११ ऑगस्ट

ती. मावशीस,

पत्र मिळाले.

बेड नंबर अकराचे रुग्ण तीन तारखेला दुपारी वारले. त्यांच्या मुलीने कागदपत्रे मागितल्यामुळे चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन खुर्च्या होत्या. मला एकच प्रश्न विचारला: हा आकडा तू मोजून लिहिलास का?

मी हो म्हणाले.

मेट्रनबाईंनी आधी सांगितलं होतं, हो म्हणालीस तर एक म्हातारा माणूस अचानक गेला, नाही म्हणालीस तर बत्तीस खोट्या तक्त्यांवर तुझ्या सह्या आहेत. त्यांच्यासमोर माझं प्रवेशपत्र पाकिटात होतं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं.

प्रवेश झाला आहे. वर्ग एक सप्टेंबरला सुरू होतात. आईला आता सांगायला हरकत नाही.

तुझ्या त्या मदतनीसचं पुढे काय झालं, ते मला कळवू नकोस.

भिंगरी


१६ ऑगस्ट

भिंगरे,

तिचं काय झालं ते मलाही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

तुझं दोन ऑगस्टचं पत्र माझ्यापुढे आहे. तारीख तुझ्या हातची आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे. बँडवाल्या काकांचा खरा आकडा साऱ्या जगात फक्त या एका कागदावर आहे. तू सिस्टरला सांगितलंस हेही यावरच आहे.

पंचवीस तारखेला मी हे पत्र घेऊन त्यांच्या मुलीकडे जाणार. बँडवाल्याचं घर शोधायला वेळ लागत नाही, कुणीही दाखवतं. तू माझ्याआधी गेलीस तर ते तुझं सांगणं होईल. माझ्यानंतर गेलीस तर पकडल्या गेलेल्या माणसाचं सांगणं होईल. नऊ दिवस देते, ते तेवढ्यासाठी.

आयुष्यभर मला शिव्या घाल. माझी हरकत नाही. पण मी जे सत्तावीस वर्षं केलं ते तुला करू देणार नाही.

मावशी


२४ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र फाडलं, मग चिकटवलं. तीन दिवस तुला मनात नको नको ते बोलले. मावशी कसली, कसाई म्हणाले. मग गेले.

वाटेत दोनदा भलत्याच गल्लीत वळले, त्यातल्या एकदा मुद्दाम. एका दुकानासमोर कुणीतरी पाटी रंगवत होतं, अक्षर डावीकडे झुकलं होतं, तिथे किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक. शेवटी तो पेंटरच म्हणाला, "काय हवंय बाई?" मी म्हटलं, बँडवाल्यांचं घर. त्याने ब्रशनेच दाखवलं.

त्यांची मुलगी इस्त्री करत होती. बँडचे लाल कोट, एकावर एक. मला ओळखलं. "तू ती उशी लावणारी ना?" म्हणाली, आणि बसायला खुर्चीवरचे कोट उचलले. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. वीस मी घरून आणल्यासारखा लिहिला, मोजला तेव्हा चौतीस होता, आणि मी डॉक्टरला पाणी विचारलं.

मला वाटलं मारेल. तिने आधी इस्त्री उभी केली, कोट जळू नये म्हणून. मग म्हणाली, "दोन तारखेला संध्याकाळी मी सिस्टरला म्हटलं होतं, बाबांना धाप लागलीय. त्यांनी मला तक्ता दाखवला. अठरा होता. मला वाटलं, मलाच उगाच तसं दिसतंय. मी घरी आले. बाबांशी भांडून आले, नेहमीसारखी."

मावशी, त्या एका आकड्याने तिला घरी पाठवलं. मी फक्त डॉक्टरचाच विचार करत होते.

तिने वही आणि पेन पुढे केलं, "लिहून दे" म्हणाली. मी लिहिलं. तारीख, वेळ, आकडा, सही. इतकं घाणेरडं अक्षर माझं पहिलीतही नव्हतं.

काल हॉस्पिटलने बोलावलं. मेट्रनबाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आकडे तुझे, सह्या तुझ्या. मी सांगितल्याचं कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही. सोमवारी पोलीस जबाब घेणार आहेत, माझा एकटीचा. उंच सिस्टर समोरून गेली, चालता चालता काहीतरी खात होती, माझ्याकडे बघून तिने घास गिळला नाही, तसाच तोंडात धरून गेली. बोर्डावर नवी यादी आहे. एक ते सात तेच.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुझ्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतेय, आज रात्रीच मिळेल. तू उद्या निघणार असशील तर नीघ, पण त्या घरी जाऊ नकोस, इकडे ये. दोन ऑगस्टचं पत्र आण, पाकिटासकट. ते सोमवारी लागेल. त्याने मी सुटणार नाही, ते मला कळतं. पण तुझंही नाव विचारतील, तू नर्स होतीस का, तुला हे सगळं कसं माहीत, असं. तेव्हा खिडकीकडे बघू नकोस.

आईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, जेवलीस का.

आज सकाळी माझे बूट आणायला वॉर्डात गेले. बेड अकरावर दुसरं कुणीतरी झोपलं होतं, तोंडावर चादर घेऊन, जिवंत. माझ्या टेबलापाशी एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, नवा ॲप्रन, घडीच्या रेषा तशाच. समोर बत्तीस कोरे तक्ते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, मावशी, खरंच, मोत्यासारखं.

मी तिला म्हटलं, मोजल्याशिवाय लिहू नकोस. रिकामं राहू दे. सही तर अजिबात करू नकोस.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मेट्रनबाईंनी सांगितलंय, तुम्ही येऊन असंच काहीतरी बोलाल."

मी विचारलं, "किती टक्के आहेत तुला?"

"चव्वेचाळीस," ती म्हणाली, आणि बेड नंबर बाराचा संध्याकाळचा श्वास लिहिला. घड्याळात सव्वानऊ वाजले होते, सकाळचे.

भिंगरी